कार्डवर न दिसणारा मलेरिया

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट आहे. पावसाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये असते तशी गर्दी, डेंग्यू, टायफॉइड, सीबीसी, प्लेटलेट किती झाल्या विचारायला दर दहा मिनिटांनी फोन. त्यात हडपसरकडचा एक मुलगा आईबरोबर आला, वय तिशीच्या आत, नायजेरियात लागोसला दोन वर्ष नोकरी करून फेब्रुवारीत परत आलेला. ताप एक दिवस यायचा, दुसऱ्या दिवशी बरं वाटायचं, परत तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप. आधी दुसरीकडे मलेरियाची कार्ड टेस्ट (कार्डवर रक्ताचा थेंब टाकून रेघ उमटते का पाहायची) झाली होती, निगेटिव्ह आली, व्हायरल असेल म्हणून सोडून दिलं. आई म्हणाली, "मॅडम, तिकडे याला मलेरिया झाला होता, पण तीन दिवसाच्या गोळ्या घेऊन तो गेला ना."

मी म्हटलं, काकू, जरा बसा, मी स्लाइड काढते.

थिक स्मिअर आणि थिन स्मिअर (काचेवर रक्ताचा जाड आणि पातळ थर) दोन्ही केले, सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन लेन्सला डोळा लावून बसले आणि पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही. मग एक आरबीसी, म्हणजे लाल रक्तपेशी, दिसली, किंचित फुगलेली, गोल नाही, लांबट, आणि एका टोकाला कड अशी झालरीसारखी फाटलेली. आत गच्च परजीवी आणि पेशीभर बारीक गुलाबी ठिपके. हे ठिपके स्लाइड रंगवताना वापरतो त्या बफर द्रावाचा पीएच ७.२ च्या आसपास असेल तरच नीट उठतात, म्हणून आमच्याकडे मलेरियाच्या स्लाइडला मी बफर वेगळा ठेवते. पहिल्यांदा मनात मलेरियाची व्हायवॅक्स ही जातच आली कारण आपल्याकडे तीच नेहमी दिसते, पण अशा लांबट पेशी एकामागून एक मिळायला लागल्या तेव्हा सरांना हाक मारली. पीसीआरला, म्हणजे परजीवीचा डीएनए ओळखणाऱ्या तपासणीला, पाठवलं. रिपोर्ट आला ओव्हाले, मलेरियाच्या परजीवीची दुसरी जात, व्हायवॅक्ससारखीच दिसणारी.

इतक्या वर्षांच्या कामात मी ओव्हाले प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिला. भारतात तो फार क्वचित सापडतो, २०२० च्या डिसेंबरमध्ये केरळात कन्नूरला सुदानहून आलेल्या एका जवानाला निघाला तेव्हा त्याची बातमी झाली होती.

त्या दिवसापासून या विषयाने मला धरून ठेवलंय. आफ्रिकेत मलेरिया म्हटलं की सगळे फाल्सिपेरम ही सर्वांत घातक जातच मोजतात, आणि ते बरोबरच आहे, २०२३ मध्ये जगात अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं मलेरियाने गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली आणि बहुतेक लहान मुलं, मारतो तो मुख्यतः फाल्सिपेरमच. पण त्याच माणसांच्या रक्तात त्याच्या आड मलेरिए ही आणखी एक जात आणि ओव्हाले बसलेले असतात. फाल्सिपेरम कुठल्याही वयाच्या आरबीसीत घुसतो म्हणून रक्तात पटापट वाढतो, मलेरिए मुख्यतः म्हाताऱ्या पेशी धरतो आणि ओव्हाले कोवळ्या, त्यामुळे यांची संख्या नेहमी कमी. स्लाइड बघणाऱ्याला एकदा फाल्सिपेरम दिसला की तो तसं लिहून पुढच्या स्लाइडकडे जातो, दिवसाला शंभर स्लाइड असतील तर मीही तेच करीन. आणि कार्डची एचआरपी-२ ची रेघ तर फक्त फाल्सिपेरमचंच प्रोटीन पकडते, बाकीच्यांसाठी जी दुसरी रेघ असते ती कमी संख्येला उमटतच नाही. म्हणून पीसीआर केलं की हे दोघे स्लाइडपेक्षा कितीतरी जास्त निघतात.

बरं, औषधाचं काय? त्या मुलाने लागोसला घेतलेल्या गोळ्यांनी रक्तातला फाल्सिपेरम गेला, पण ओव्हाले यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो, त्याला प्रायमाक्वीनच लागतं, तेही रक्तात जी६पीडी हे एन्झाइम पुरेसं आहे का ते तपासून. बहुतेक तिकडेच दोन्ही एकदम झाले असणार. टांझानियासारख्या ठिकाणी फाल्सिपेरम कमी झाला तरी हे दोघे त्या प्रमाणात कमी झालेले दिसत नाहीत, त्याचं एक कारण मला हेच वाटतं, सगळी हत्यारं एकाच्याच मापाने बनवलीत. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी मलेरियाची आर२१ लस, जिला डब्ल्यूएचओने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली, तिचा मला खरंच अभिमान आहे, मुलांचे जीव वाचणार आहेत, पण तीही फाल्सिपेरमच्याच प्रोटीनवर आहे.

मलेरिएला तर लोक सौम्य म्हणून सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं. त्याचा ताप ७२ तासांनी येतो, म्हणजे पहिल्या दिवशी आला की मग चौथ्या दिवशी. आपल्या आयुर्वेदात विषमज्वराचे तृतीयक आणि चतुर्थक असे प्रकार दिलेत, सूक्ष्मदर्शक नसताना नुसते दिवस मोजून माणसांनी हा फरक ओळखला होता! हा परजीवी औषध न मिळता वर्षानुवर्षं, कधी दशकंसुद्धा रक्तात राहतो, आणि नायजेरिया, युगांडातल्या लहान मुलांच्या किडन्या यामुळे खराब होतात हे साठच्या दशकातच तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं होतं. अंगावर सूज आलेलं पोर दवाखान्यात येतं तेव्हा तापाची आठवणसुद्धा कुणाला नसते. आपल्याकडे ओडिशाच्या आदिवासी पट्ट्यात मलेरिए सापडलाय, आणि गावागावात आशाताईंकडे जे कार्ड असतं ते फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स या दोनांसाठीचं. मग गडचिरोलीत तो किती आहे हे त्या कार्डवरून कळणार कसं?

त्या मुलाचा चौदा दिवसांचा प्रायमाक्वीनचा कोर्स पूर्ण झाला, महिन्याने परत स्लाइड केली, स्वच्छ होती. जानेवारीत तो पुन्हा लागोसला गेला. जायच्या आधी काकू पेढे घेऊन आल्या, तेव्हा मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, ताप आला तर नुसतं कार्ड नको, थिक स्मिअर मागायचा आणि आधी ओव्हाले झाला होता हे सांगायचं. काकूंनी तिथेच त्याचा फोटो काढून त्याला पाठवला.