"ताई, टाकायचं आणि विसरायचं!"

मेमरी कार्डाबद्दल दुकानातल्या मुलाने मला एवढंच सांगितलं होतं. त्यातला 'विसरा' हा शब्द तीन महिन्यांनी खरोखरच फोनच्या पडद्यावर आला आणि माझं बोट त्याच्यावर टेकायचं तेवढं बाकी होतं. तो प्रसंग डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आम्हा शिक्षकांचे फोन का भरतात हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, व्यवस्थापन समितीचा, पालकांचा, शिवाय दर प्रशिक्षणाला एक नवा ग्रुप, जो प्रशिक्षण संपलं तरी संपत नाही. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. एकच पीडीएफ पाच ग्रुपवर पाच वेळा येते. जुन्या 32 जीबीच्या फोनवर दर शुक्रवारी 'स्टोरेज भरले आहे' यायचं आणि मी घरी जाताना एसटीत बसून सुप्रभातचे फोटो पुसत बसायचे.

दिवाळीत नवा फोन घेतला, 64 जीबीचा. 128 चा फोन अडीच हजारांनी महाग होता आणि 128 चं कार्ड नऊशेला. हिशोब सरळ वाटला. घरी येऊन बघितलं तर 64 मधले 18 फोनने आधीच स्वतःसाठी ठेवून घेतलेले. म्हणजे कार्डाशिवाय गत्यंतर नव्हतंच.

(फोन घेतानाच ट्रे उघडून दाखवायला सांगा. काहींच्या ट्रेमध्ये दोन सिम आणि कार्ड, तिन्हीला वेगळी जागा असते. काहींत दुसरं सिम नाहीतर कार्ड, दोन्हीतलं एकच बसतं. आमच्याकडे शाळेत एका कंपनीची रेंज आणि घरी दुसऱ्या कंपनीची, त्यामुळे मला तिन्ही लागतं. माझं नशीब बरं, मी न विचारताच तसा फोन मिळाला होता. खोक्यात ट्रे उघडायची पिन येते, ती हरवतेच, टाचणीने काम होतं.)

कार्ड बसवलं. वर सूचना आली, 'सेट करा'. दाबलं. आता फोनने प्रश्न विचारला: हे कार्ड पोर्टेबल स्टोरेज म्हणून वापरायचं की फोनचं स्टोरेज म्हणून?

मला सांगा, तुम्ही काय निवडाल? पोर्टेबल म्हणजे ने-आण करायचं. मला कार्ड कुठे ने-आण करायचं नव्हतं. मला फोनमध्ये जागा हवी होती आणि तिथे तर स्पष्ट लिहिलेलं की फोनचं स्टोरेज. कोणीही शहाणा माणूस तेच दाबेल. मीही दाबलं. कार्ड फॉरमॅट होईल, म्हणजे त्यावरचं सगळं पुसलं जाईल म्हणाला, होऊ दे, नवं कोरं होतं. मध्येच 'हे कार्ड स्लो आहे असे दिसते' म्हणून कुरकुरला, तेही मी पुढे ढकललं. मग 'डेटा स्थलांतरित करा' म्हणाला. केला. झालं.

आणि तीन महिने खरंच छान गेले. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आपोआप कार्डावर जाऊ लागले. फोनमध्ये जागाच जागा. गॅलरी उघडायला जरा वेळ घ्यायची, पण मी म्हटलं असेल. स्टाफरूममध्ये दोघींना सांगितलं पण मी, कार्ड असं लावा म्हणून. त्या दोघींची मी नंतर माफी मागितली.

जानेवारीत शाळेत बालबाजार भरवला. पोरांनी घरची मेथी, वाल, पावटा, चिंचा आणल्या होत्या. चौथीतल्या एका पोरीने मेथीची जुडी मलाच पंधराला विकली, बाजारात ती दहाला होती. सव्वाशे फोटो काढले. केंद्रप्रमुखांचा निरोप आला की अहवाल उद्या सकाळी अकरापर्यंत, निवडक फोटोंसह. मी म्हटलं, एकेक फोटो पाठवत कुठे बसू, कार्डच काढून शाळेच्या लॅपटॉपला लावते.

टाचणीने ट्रे ओढला. फोन चालूच. अ‍ॅडॉप्टरमध्ये कार्ड घातलं, लॅपटॉपला लावलं.

काही नाही. लॅपटॉपला कार्ड दिसेचना. काढलं, पदराने पुसलं, परत लावलं. नाही.

फोन हातात घेतला तर निम्मी अ‍ॅप करड्या रंगाची झालेली, आणि गॅलरी रिकामी. बालबाजार नाही, स्वातंत्र्यदिन नाही, जुन्या फोनमधून आणलेले मागच्या पाच वर्षांचे फोटोही नाहीत. पहिलीतल्या एका पोराने अडखळत अडखळत पहिल्यांदा अख्खं वाक्य वाचलं होतं, त्याचा व्हिडिओ मी जपून ठेवला होता. तोही गेला.

तुम्ही म्हणाल, मग कार्ड परत फोनमध्ये का नाही घातलं? घालणारच होते. पण आमचे एक सर तिथे होते, ते म्हणाले, "मॅडम, कार्डात व्हायरस असणार. परत टाकलंत तर फोन पण जाईल." शाळेतल्या प्रिंटरचं सगळं तेच बघतात, म्हणून आम्ही त्यांचं ऐकतो. मग त्यांनी स्वतःच्या जुन्या फोनमध्ये कार्ड घालून बघितलं. त्यांच्या फोनने सांगितलं की हे कार्ड चालत नाही, सेट करायचं का? सरांचा अंगठा 'हो'कडे निघालाच होता. मी अक्षरशः हात धरला त्यांचा.

अहवाल दुसऱ्यांच्या फोनमधल्या फोटोंवर भागवला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कराड गाठलं. तिथल्या एका दुकानात मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही दुरुस्त करतात. तिथल्या माणसाने कार्ड लावलं आणि संगणकावर डिस्कचे तुकडे दाखवणारी खिडकी उघडली. मी मान लांब करून बघितलं. 16 एमबीचा एक चिमुकला तुकडा, आणि शेजारी सगळ्या कार्डाएवढा एक मोठा तुकडा, ज्याला नाव नाही, गाव नाही.

"करप्ट आहे ताई. रिकव्हरी मारून बघतो. फोटो आले तर पंधराशे, नाही आले तर नुसते चेकिंगचे तीनशे."

बसले. दीड तास हिरवी पट्टी सरकत होती. बाजूला एक आजोबा फोनचा आवाज मोठा करून घ्यायला आले होते, ते मोठा करून घेऊन गेलेही. शेवटी संगणकाने सांगितलं, मिळालेले फोटो: शून्य. एक असता तरी मी समजले असते, पण शून्य? पाच वर्षांचे हजारो फोटो आणि त्यातला अर्धासुद्धा नाही?

तीनशे दिले. वर सल्ला मिळाला, "घरी जाऊन फोन एकदा फॅक्टरी रीसेट मारा, अ‍ॅप नीट होतील." म्हणजे फोन पुसून नव्यासारखा कोरा करायचा.

एसटीची वाट बघत स्टँडवर बसले होते. सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं. तिथे माझ्या कार्डाचं नाव दिसत होतं, पुढे लिहिलेलं की ते फोनमध्ये नाही. त्यावर दाबलं तर एकच मोठा पर्याय: 'विसरा'. मला वाटलं, वायफाय विसरतात तसं असेल. एकदा विसरेल, मग नव्याने ओळखेल. बोट खाली आणलं आणि तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याला सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रडगाणं पाठवलं होतं, ते त्याने दुपारी चारला वाचलं.

"आत्या, कार्ड पहिल्यांदा लावलं तेव्हा काय निवडलं होतंस?"

"फोनचं स्टोरेज."

"अजून काही दाबलं नाहीस ना? रीसेट? विसरा?"

"नाही, दाबतच होते."

"हात काढ. कार्ड आहे तसं त्याच फोनमध्ये घाल, मी लाइनवर आहे."

स्टँडवरच टाचणी काढली. कार्ड घातलं. फोन मिनिटभर गप्प बसला. मग एक अ‍ॅप करड्याचं रंगीत झालं, मग दुसरं, मग पाच-सहा एकदम. गॅलरी उघडली तर पहिलाच फोटो मेथीच्या जुडीचा. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं, लॉटरी लागली काय?"

भाच्याने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. ही सोय अँड्रॉइडमध्ये 2015 साली, सहाव्या आवृत्तीपासून आली. इंग्रजी नाव अ‍ॅडॉप्टेबल स्टोरेज, म्हणजे फोन कार्डाला चक्क दत्तक घेतो. सगळ्या फोनमध्ये ही सोय नसते. मोटोरोलाच्या काही फोनमध्ये असते, सॅमसंगमध्ये सहसा नसते. दत्तक घेतल्यावर फोन कार्डावरचं सगळं कुलपात ठेवतो आणि किल्ली स्वतःच्या पोटात ठेवतो. त्यामुळे ते कार्ड लॅपटॉपला, दुसऱ्या फोनला, कुणालाच वाचता येत नाही, आणि न वाचता आलेलं त्यांना बिघडलेलं वाटतं. दुकानातलं ते रिकव्हरीचं सॉफ्टवेअर कुलपाबाहेर बसून दीड तास चाचपडत होतं. आणि 'विसरा' दाबलं की फोन ती किल्ली टाकून देतो. फॅक्टरी रीसेटनेही तेच होतं. मग ब्रह्मदेव आला तरी फोटो परत नाहीत.

किल्ली फोनमध्ये, याचा आणखी एक अर्थ मला रात्री अंथरुणात सुचला. उद्या फोन पावसात भिजून बंद पडला, तर कार्ड ठणठणीत असूनही गेलं. आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर कोयनेच्या बातम्या वाचत चला. मी तर धरून चालले होते की फोन गेला तरी कार्डावरचे फोटो राहतील!

एवढा महत्त्वाचा प्रश्न, आणि फोन तो 'चहा की कॉफी' विचारावं तसा विचारतो. 'फोनचे स्टोरेज' या शब्दांखाली 'हे कार्ड यापुढे इतर कुठेही चालणार नाही' हे ठळक का नाही लिहीत? लिहिलेलं असतं म्हणे, बारीक अक्षरात, इतर चार वाक्यांबरोबर. आम्ही पोरांना प्रश्नपत्रिकेत असा प्रश्न घातला असता तर पालक शाळेत आले असते.

मग दत्तकविधान मोडायला रविवार गेला. फोनवरून सरळ उलटं स्थलांतर करता येतं, पण कार्डावर 41 जीबी होते आणि फोनमध्ये तेवढी जागा नव्हती. म्हणून आधी केबलने लॅपटॉपला जोडलं. केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो, वरच्या सूचनेत जाऊन 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं, तेव्हाच फोल्डर दिसतात. सगळं एकदम ओढू नका. मी ओढलं, ते तासाभराने अडकून बसलं. नंतर महिन्यामहिन्याचे गठ्ठे केले, तेव्हा मुकाट्याने गेलं. पाच-दहा फोटो लॅपटॉपवर उघडून खात्री केली, नको असलेलं फोनवरून पुसलं, उरलेलं फोनमध्ये परत आणलं, कार्डावर गेलेली अ‍ॅपही एकेक करून मागे घेतली, आणि मग कार्डाच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'पोर्टेबल म्हणून फॉरमॅट करा'.

लॅपटॉपवर 128 चं कार्ड 119 जीबीच दिसलं तेव्हा परत पोटात गोळा आला. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, लॅपटॉप 1024 च्या. मात्र फारच स्वस्त मिळालेलं कार्ड असेल तर सुरुवातीलाच ते काठोकाठ भरून, फाइल उघडून बघा. खोटी कार्डं 128 सांगतात आणि आत असतात 16, भरेपर्यंत कळत नाही.

आता कार्ड पोर्टेबल आहे आणि त्याची गैरसोयही आहे, ती लपवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'कार्डावर ठेवा' असा पर्यायच नाही. ते फोनचीच जागा खातं. म्हणून ग्रुपचे फोटो आपोआप उतरणं मी सेटिंगमधून बंद केलं, अर्धा त्रास तिथेच गेला. महिन्याच्या शेवटी ठेवायचे ते फोटो गुगलच्या फाइल्स अ‍ॅपमधून कार्डावर हलवते. हलवले की त्या चॅटमध्ये ते उघडत नाहीत, घाबरू नका, कार्डावर असतात. गुगल मॅपचे उतरवलेले नकाशे आणि यूट्यूबचे डाउनलोड मात्र त्यांच्या त्यांच्या सेटिंगमधून कार्डावर ठेवता येतात.

ज्यांना दत्तकच घ्यायचं असेल, फोन फारच छोटा असेल, त्यांनी निदान चांगलं कार्ड घ्यावं. कार्डावर बारीक अक्षरात ए1 किंवा ए2 लिहिलेलं असतं, ते अ‍ॅप चालवण्याच्या वेगासाठी. माझ्या कार्डावर नुसतं गोलात 10 होतं, म्हणजे व्हिडिओ साठवायला पुरेसं, पण अ‍ॅप त्यावर धापा टाकतात. 'कार्ड स्लो आहे' हे फोन खरंच सांगत होता.

आणि कार्ड काढण्याआधी, कुठल्याही पद्धतीचं असो, स्टोरेजमध्ये जाऊन ते आधी 'बाहेर काढा' करा, मग टाचणी.

एक राहिलंच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो कुठे साठवायचे ते निवडता येतं, तिथे मी एसडी कार्ड ठेवलंय. पण कार्ड एकदा काढून घातलं की कॅमेरा गुपचूप परत फोनवर साठवायला लागतो. मला हे कळलं प्रजासत्ताकदिनाला, प्रभातफेरीचे ऐंशी फोटो काढून झाल्यावर.