आधी चाल बाजूला काढा, मग शब्दांना नावं ठेवा

गिटार घेऊन स्वतःचंच लिहिलेलं गाणारा कुणी आला की कोल्हापुरात लगेच दोन तट पडतात. एकाला तो नाद खुळा वाटतो. दुसरा म्हणतो, गळा नाही, शब्दांत दम नाही, कसला कलाकार! साहजिक आहे. गवई अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्यावर कान तयार झालेलं, १८८३ पासून देवल क्लब ही संगीताची संस्था जपणारं हे गाव. जगदीश खेबुडकर इथेच मास्तरकी करत सिनेमाची गाणी लिहून गेले. पण सिनेमाच्या गाण्यात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा असतो. इथे तिन्ही एकाच माणसाच्या अंगावर असतं. मग चूक असते चालीची आणि शिव्या बसतात शब्दांना. माझ्या मते बरीचशी भांडणं इथेच सुरू होतात.

'मी निघालो दूर आता' ही अगदी साधी ओळ घ्या. ह्रस्वाची एक, दीर्घाच्या दोन मात्रा धरून मोजा. मी दोन, नि एक, घा दोन, लो दोन, झाल्या सात. दूर आता, पुन्हा सात. गालगागा गालगागा, यात गा म्हणजे दीर्घ आणि ल म्हणजे ह्रस्व. सात मात्रांच्या रूपक तालात ही ओळ आहे तशी बसेल. गिटारवर मात्र हात सवयीने चारचा ठोका धरतो, म्हणजे आठाचं माप आलं. दर तुकड्याला एक मात्रा उरते आणि ती कुठे जिरवायची यावर सगळं ठरतं. 'लो' आणि 'ता' लांबवले तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दीर्घ अक्षर आणखी ताणलं तरी शब्द मोडत नाही. तीच मात्रा 'नि' आणि 'र' वर टाकली की ऐकू येतं 'मी नीघालो दूरऽऽ आता'. बोलताना आपण 'दूर्' म्हणून मोकळे होतो, तिथला 'अ' तोंडातही येत नाही. गाण्यात नेमका तोच लोंबकळतो. ऐकणारा म्हणतो, पोराला मराठी येत नाही. मराठी येतं हो, ओळ सातची आणि ठेका आठचा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी हे लघु-गुरूचं, म्हणजे ह्रस्व-दीर्घाचं शास्त्र मराठीत किती बारकाईने मांडून ठेवलंय, तरी गिटारच्या क्लासात त्याचं नाव निघत नाही.

मात्रांची कटकट नको असेल तर सरळ अभंगाचा साचा घ्यावा. सहा-सहा-सहा-चार अशी २२ अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. तिथे नुसती अक्षरं मोजतात, ह्रस्व-दीर्घाचा हिशेब नाही, त्यामुळे चालीला हवं तिथे लांबवायची मोकळीक मिळते.

आता शब्द खरंच कच्चे असतात तेव्हाचं. चाल न लावता कडवं बोलल्यासारखं वाचा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून येते-जाते-होते ही यमकं फुकटात मिळतात. अख्खं गाणं त्यावर चाललं असेल तर टीका रास्त आहे. नाम आणि क्रियापद जुळवलं, 'नाते' आणि 'गाते' असं, की तेच यमक जरा कमावलेलं वाटतं. मग चंद्र, पाऊस, आठवण, एकटेपणा हे चार शब्द खोडा आणि काय उरतं ते बघा. नुसतं 'रंकाळा' लिहिल्याने गाणं कोल्हापूरचं होत नाही, तिथे कुठल्याही तळ्याचं नाव चालतं. २०१९ च्या पुराची भिंतीवर राहिलेली रेघ किंवा गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळत्या रसावर आलेली मळी ओळीत असली की लिहिणाऱ्याने काहीतरी पाहिलंय हे कळतं. साधे शब्द म्हणजे कच्चे शब्द, हा आक्षेप मात्र मला अजिबात पटत नाही.

गळ्याबद्दलच्या तक्रारी पुष्कळदा पट्टीच्या असतात. गिटारवर सी आणि जी या कॉर्डचे आकार हाताला सोपे, म्हणून गाणं त्याच पट्टीत बसवलं जातं, गळ्याला झेपो न झेपो. वर ताण पडून सूर चढा लागतो, खाली शब्द पुटपुटल्यासारखे होतात. त्यावर कॅपो, म्हणजे गिटारच्या दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा, हा दोन मिनिटांचा उपाय आहे. सी चा आकार धरून दांडीवरच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की पेटीवरची काळी एक ही पट्टी मिळते, तिसऱ्यावर काळी दोन. बाईचा आवाज असेल तर जी चा आकार घ्या: पहिल्या फ्रेटवर काळी चार, तिसऱ्यावर काळी पाच. आधी मुखड्यातला सगळ्यात वरचा सूर गाऊन बघावा, मग कॅपोची जागा ठरवावी. लोक नेमकं उलटं करतात.

रेकॉर्डिंग ऐकून कुणाचा गळा ठरवायचा असेल तर आणखी सांभाळून. ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर, त्याचा सुधारण्याचा वेग शून्यावर ठेवला की मींड, म्हणजे सुरातून सुरात घसरत जाणं, पायऱ्या-पायऱ्यांची होते आणि मुरकी, ती सुरांची झटकन घेतलेली वेलांटी, कापली जाते. पाश्चात्त्य पॉपमध्ये ते खपून जातं, भावगीताच्या वळणाच्या चालीत गायक बेसूर नसून निर्जीव वाटतो. 'भ', 'फ', 'ध' या अक्षरांची हवा थेट माइकवर आदळते. समोर पॉप फिल्टर, म्हणजे हवा अडवणारी जाळी, आणि तोंडापासून वीतभर अंतर नसेल, तर शब्द फुटतात आणि मिक्स करणारा आवाजच मागे ढकलतो. मग पुन्हा तेच, 'शब्द कळत नाहीत'. अशा वेळी तेच गाणं एका गिटारवर, माइकशिवाय, छोट्या खोलीत ऐकायला मिळालं तर बघावं.