अनोळखी वाचक चालतील, आत्या नको

ऑनलाइन डायरी लिहायची म्हटलं की जो तो सांगतो, सेटिंग नीट कर हं, फक्त ओळखीच्यांनाच दिसू दे. आणि मला नेमकं उलटं पाहिजे! तिकडं कॅनडात बसलेल्या कुणीतरी वाचलं की माझं नि नवऱ्याचं फ्रिजवरनं वाजलं, तर काय करणार तो, हसेल नि पुढं जाईल. पण तेच सांगलीत एका काकूंनी वाचलं की संध्याकाळच्या आत मिरजेच्या आत्याचा फोन, "काय गं, सगळं बरंय ना?" त्या 'ना'तच सगळं आलं.

१९९९ ला लाइव्हजर्नल ही ऑनलाइन डायरीची साइट निघाली, त्यात फक्त मित्रांना दिसेल अशी पोस्ट टाकता यायची, आणि आत्ताचं इन्स्टाचं क्लोज फ्रेंड्सही त्याच वळणाचं. म्हणजे भीती कुणाची, तर परक्याची. आमच्याकडं परक्याला वेळ कुठाय ओ! फेसबुकवर 'अमुक सोडून बाकी सगळे' असं करता येतं म्हणा, पण आत्याला वगळलं तरी आत्याची सून आहेच की, आणि तिच्या हातात स्क्रीनशॉट.

बरं, टोपणनावानं लिही म्हणतात. आता बघा, सांगलीच्या गावभागातलं घर, २०१९ च्या पुरात खाली पाणी आणि आम्ही वरच्या मजल्यावर, सासऱ्यांनी औषधाच्या डब्याआधी हार्मोनियम वर नेली, एवढं लिहिलं की झालं, नाव कशाला पाहिजे, आख्खी गल्ली ओळखती. आणि हार्मोनियम काढून टाकली तर त्या पोस्टमध्ये राहतं काय, पूर आला होता एवढंच, ते तर पेपरात पण होतं.

कायद्याचा काही आधार मिळतो का म्हणून बघितलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, भारीच, पण तो मुख्यतः सरकारपुढं मांडायचा, आत्यापुढं नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर चक्क ब्लॉग लिहिणाऱ्या बाईचंच उदाहरण दिलंय, तिनं आपणहून सोशल मीडियावर उघड केलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही. विषय संपला.

माझं एकटीचं असतं तर तेही चाललं असतं, पण डायरीत एकटं कोण असतंय? बहिणीची स्थळं बघणं चालू होतं तेव्हा एक मुलगा पोहे खाऊन गेला आणि पुढं काही कळवलंच नाही, घरात सगळे गप्प, आई उगाचच डबे पुसत बसलेली. लिहायला हात शिवशिवत होते, पण ते बहिणीचं होतं, माझं नव्हतं. मग लिहिलं काय, तर "काही दिवस अवघड असतात". असल्या ओळी वाचल्या की मला माझाच राग येतो, त्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

पूर्ण लॉक करून पण बघितलं, कुणालाच दिसणार नाही असं, तर हळूहळू "आज दूध नासलं", "गॅस संपला" एवढंच उरलं. कुणीतरी वाचणारंय म्हटलं की वाक्य जरा सरळ बसतं, हे खरंय.

आता दुसऱ्यांचं सगळं वहीत आणि माझं इथं, तेही जरा जुनं झाल्यावर. नवऱ्याचा विषय असला की आधी त्याला वाचायला देते. तो आपल्याबद्दल काय लिहिलंय ते सोडून ऱ्हस्व-दीर्घ काढत बसतो.