चुन्याच्या भिंती आणि सिमेंटची मलमपट्टी

पावसाळा तोंडावर आला की महापालिका पेठांतल्या जुन्या वाड्यांना नोटिसा लावते. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यालाही धोकादायक बांधकामाची, कलम 264 ची नोटीस आली आणि घरात दोन तट पडले. दीर म्हणाले, बिल्डरला देऊन मोकळे होऊ. सासूबाई आणि मी, दुरुस्तीच्या बाजूच्या. भाडेकरू कुणी उरले नव्हते म्हणून निदान निर्णय तरी आमच्या हातात होता. पेठेत हे भाग्य थोड्यांचंच.

पहिला कंत्राटदार म्हणाला, "ताई, आत आरसीसी करू, बाहेरून वाडाच दिसेल." म्हणजे दर्शनी भिंत सोडून बाकी सगळं पाडायचं! त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग जुन्या बांधकामातल्या जाणकार स्ट्रक्चरल इंजिनिअर मिळाल्या. त्यांनी भिंतींआधी खांब पाहिले, कारण वाड्याचा बराचसा भार सागवानी खांब-तुळयांवर असतो. ओसरीच्या खांबांवर त्यांनी हातोडीच्या दांड्यानं टकटक केलं. वर खणखणीत आवाज, तळाशी भद्द. फरशी उखडल्यावर कारण कळलं. लाकूड जमिनीला टेकू नये म्हणून खांबाखाली दगडी तळखडा असतो. आमच्याकडे कुणीतरी ओसरीची उंची वाढवून शहाबादी फरशी घातली होती, त्यात तळखडे गाडले गेले आणि खांबांचे पाय सिमेंटात रुतले. धुतलेल्या ओसरीचं पाणी वर्षानुवर्षं तिथंच मुरत होतं.

तुळईला टेकू दिले, जॅक लावले, कुजलेला भाग कापला आणि सुतारमामांनी खाली सागवानाचा तुकडा सांध्यात बसवला. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून आणलं, पाडलेल्या वाड्यांतलं, जुनं. त्या दिवशी जरा कसंसंच झालं, पण नव्या सागवानापेक्षा ते मुरलेलं असतं हेही खरं. एक हस्त, म्हणजे खांबातून निघून तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा, गायब होता. नणंदेला विश्रामबाग वाड्यासारखं कोरीव काम हवं होतं. अहो, तो दुसऱ्या बाजीरावाचा 1807 चा वाडा, आमचा एका कारकुनाचा! साधा हस्त बसवला. नवं ते नवंच दिसू दे.

खरा घाम भिंतींनी काढला. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुराचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं होतं. पुढं कधीतरी ओल झाकायला सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर ऑइल पेंट. चुन्यात बांधलेली वीटभिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. सिमेंटनं ती वाट बंद केली, ओल आणखी वर चढली आणि पोपडे माडीच्या जिन्यापर्यंत पोचले. सिमेंट काढताना छिन्नी हलक्या हातानं चालवावी लागते, नाहीतर विटेचं तोंडच निघून येतं. मिस्त्रींना सारखं सांगावं लागे, "काका, ब्रेकर नको." त्या गिलाव्यामागं बुजवलेले दोन कोनाडे निघाले, आत दिव्याची काजळी अजून तशीच. सासूबाईंनी ते पुसू दिले नाहीत.

चुना पाण्यात विरवायला ठेवला, मग वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) घालून मळला. मिस्त्रींनी हिरड्याचं आणि गुळाचं पाणीही घातलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून थर पातळ द्यायचे आणि ओलसर ठेवायचे. घाई असणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. भर पावसात तर नाहीच.

माडीवर कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या जमिनीच्या, मातीवर कुणी जाड कोबा केला होता, तो काढल्यावर कड्यांवरचा भार कितीतरी हलका झाला. वरच्या मजल्यावर संडास-बाथरूम हवं, हा हट्ट मात्र मी मोडून काढला. कडीपाटावर रोज पाणी ओतायचं म्हणजे वाळवीला आवतण. दोन्ही परसात बांधली. रात्री जिना उतरावा लागतो, दीर कुरकुरतात. कुरकुरू देत.

यंदा पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या भिंतीवर पांढरा खार आला. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, आतली ओल बाहेर पडतेय, क्षार घेऊन येणारच. तेवढा पट्टा दिवाळीनंतर काढून पुन्हा करू." विरवलेला चुना परसातल्या पिंपात पाण्याखाली ठेवलाय. मजुरी वेगळी पडेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.