उरलेले पंधरा टक्के

बेळगाव, शुक्रवार, रात्री साडेदहा

आज एक काम परत केलं. बिडीच्या कट्ट्याचं लेबल. निपाणीकडचे गिऱ्हाईक, वयानं वडिलांसारखे, चार वर्षं माझ्याकडेच येतात. म्हणाले, "चित्र राहू दे की, पण जरा काळपट कर. छपाईत शाई जास्त झाली म्हणायचं. कोण विचारतंय?"

चित्र म्हणजे तंबाखूनं काय होतं त्या इशाऱ्याचं, जखमेचा फोटो. 2009 साली ते पाकिटांवर आलं तेव्हा समोरच्या बाजूची 40 टक्के जागा त्याला होती. एप्रिल 2016 पासून दोन्ही बाजूंची 85 टक्के. आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये तो नियम रद्द केला, पण जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. ब्रँडला उरतात 15 टक्के. काकांची सगळी तगमग त्या पंधरासाठी.

त्यांचं म्हणणं मी कोरल ड्रॉमध्ये करून पाहिलं, हे इथं लिहून ठेवतो. फोटोवर काळ्याचा 30 टक्के थर, त्यावर थोडा तपकिरी. दोन मिनिटं लागली. जखमेचा आधी डाग झाला, मग नुसती सावली. अक्षरं होती तिथंच, पण डोळे बारीक केल्याशिवाय लागेनात. मोजपट्टी लावली असती तर 85 टक्के पुरते भरले असते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीच तर ते चित्र आहे, आणि तेच मी पुसत होतो. फाईल सेव्ह न करता बंद केली.

माझं शिक्षण बिडीवरच झालं. आई मांडीवर सूप घेऊन बसायची; कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांमागं. माल घालायला गेलं की छाट, म्हणजे नापास बिड्या, निघायची, तिचे पैसे नाहीत. 1981 साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून निपाणीत महामार्गावर ठाण मांडलेल्या शेतकऱ्यांत आजोबा होते. तंबाखू वाईट म्हणून मी हात कसे झटकू? बिडीची लेबलं मी करतो आणि बहुधा पुढंही करीन. पण ओढणाऱ्याला काय होतं, ते झाकायचं काम माझ्या हातून होणार नाही.

लंडनचा ग्राफिक डिझायनर केन गार्लंड यानं 1964 साली एक जाहीरनामा काढला होता, त्याच्यासह 22 जणांच्या सह्यांचा. आमचं कसब मांजराच्या खाण्याच्या आणि पट्टेदार टूथपेस्टच्या जाहिरातींत वाया जातंय, ते पाट्या, पाठ्यपुस्तकं अशा टिकाऊ कामाला लागू दे, असा त्याचा रोख. मला ते मनापासून पटतं. पण शहापुरात गाळ्याचं भाडं भरणाऱ्याला काम निवडायची मुभा थोडीच असते. आलेलं काम कसं करायचं, एवढंच हातात.

काका रागावले नाहीत. चहा घेतला, "दुसरीकडं करून घेतो की" म्हणाले आणि गेले. तेच सलतंय. ते लेबल एव्हाना दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात तयारही झालं असेल.

आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "पैसे किती गेले?" मी आकडा सांगितला. ती काही बोलली नाही, ताट वाढलं.

उद्या सकाळी ट्यूशनवाले येणार आहेत, फ्लेक्सचं काम घेऊन. "शंभर टक्के निकाल" मोठ्या लाल अक्षरात हवंय म्हणाले. किती मुलांपैकी, ते आधी विचारायचं आहे.