यात तू काय केलेस?

प्रोग्राम पुन्हा उघडला की त्याच्या विंडो जुन्याच जागी याव्यात, ही सोय मी एका टूलकिटमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना विंडो, बटणे वगैरे तयार पुरवणाऱ्या संचात, घालतो आहे. आज नानांना ती मोठ्या हौसेने दाखवली. प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला आणि दोन्ही विंडो, दुसऱ्या पडद्यावरचीसुद्धा, होत्या तिथेच आल्या. “होत्या तिथेच आल्या, मग यात तू काय केलेस?” एवढे विचारून नाना चहाकडे वळले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. तरीही फोंड्याच्या या पावसात संध्याकाळभर मी त्याच प्रश्नाभोवती फिरतो आहे, कारण नकळत त्यांनी खरे तेच विचारले.

क्यूटी या टूलकिटमध्ये २००६ सालच्या ४.२ आवृत्तीपासून विंडोची जागा आणि आकार साठवून ठेवण्याची सोय आहे; विंडोज प्रणालीवरही प्रोग्राम आपली जागा विचारू शकतो आणि पुढच्या वेळी तीच मागू शकतो. लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवणाऱ्या वेलँड या व्यवस्थेत मात्र आपली विंडो पडद्यावर कुठे आहे, हे प्रोग्रामला कळतच नाही. तेथे कॉम्पोझिटरकडून, म्हणजे सगळ्या विंडो पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामकडून, सत्राची ओळख घ्यायची, ती जपून ठेवायची, पुढच्या वेळी दाखवायची आणि प्रत्येक विंडोचे नाव सांगायचे. जागा त्याच्याकडे, आपल्याकडे नाही. म्हणजे नानांना दाखवलेल्या करामतीत विंडो जागेवर ठेवणारा मी नव्हतोच. चालले तर कोणाच्या लक्षात येत नाही, बिघडले तर सगळे मलाच विचारणार. पणजीतले मित्र स्वतःच्या कामाबद्दल बोलतात तेव्हा मी... ते जाऊ दे.

खरे तर ही व्यवस्था मला पटते. कोणत्याही प्रोग्रामने मनाला येईल तेथे, दुसऱ्याच्या विंडोवर नेमकी आपली विंडो मांडावी, हे बरे नव्हे. आणि माझ्या वाट्याला काहीच उरले नाही असेही नाही: विंडो प्रथम दिसण्यापूर्वीच कॉम्पोझिटरला तिचे नाव सांगावे लागते, नंतर सांगून उपयोग नसतो, मॅकवर तर २०११ पासून प्रणालीच प्रोग्रामला त्याच्या विंडो पुन्हा उभ्या करायला सांगते, आणि विंडोज, वेलँड, मॅक यांचे हे तिन्ही स्वभाव टूलकिट वापरणाऱ्याला एकसारखेच दिसले पाहिजेत. यात मी काय केले, तर भांडण मिटवले, आणि मध्यस्थाचे नाव कोण विचारतो?

आता प्रश्न उरला आहे तो नाव न दिलेल्या विंडोंचा. त्यांना आपणच क्रमांक दिले, तर उघडण्याचा क्रम बदलताच एकीची जागा दुसरीला जाईल. म्हणून नाव नसेल तर काहीही लक्षात ठेवू नये, याच मताकडे मी झुकलो आहे, मग तक्रारी आल्या तरी चालतील.