दोन्ही डगरींवर हात

परदेशप्रवासाची तिकिटे, व्हिसा, विमा ही मोठी कामे मार्गी लागली, की एक किरकोळ वाटणारा प्रश्न मागे उरतो आणि त्या मोठ्या कामांपेक्षाही जास्त डोके खातो. तिकडे गेल्यावर फोनवर इंटरनेटचे काय करायचे? आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक, म्हणजे परक्या देशातल्या नेटवर्कवर आपलेच सिम चालवण्याची सोय, घ्यावी, की प्रवाशांसाठी निघालेले एखादे ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये उतरवता येणारे सिम, विकत घ्यावे? विचारायला जावे, तर सल्लागारांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, नसती उठाठेव हवी कशाला, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण उतरल्याबरोबर फोन सुरू झाला पाहिजे. दुसरा तट अशा लोकांकडे किंचित करुणेने पाहतो आणि आपण किती स्वस्तात निभावले, याचा साग्रसंगीत हिशेब ऐकवतो. मी दोन्ही तटांवर राहून आलो आहे, आणि आता मला असे वाटते, की हे भांडण ज्या फरकावर उभे आहे तो फरकच मुळात फारसा खरा नाही.

रोमिंगमध्ये नेमके काय घडते, हे एकदा सावकाश पाहण्यासारखे आहे. विमान धावपट्टीवर टेकते, एअरप्लेन मोड निघतो आणि फोन आसपासच्या नेटवर्कांचा कानोसा घेऊ लागतो. एखादे नेटवर्क सापडले, की सिममध्ये साठवलेला, सहसा १५ अंकी असा एक ओळख क्रमांक तो पुढे करतो. हा आपला नेहमीचा मोबाइल नंबर नव्हे. तो आपल्याला एरवी कधी दिसतही नाही. त्याचे पहिले ३ अंक देश सांगतात आणि पुढचे २ किंवा ३ अंक कंपनी, त्यामुळे समोरच्या नेटवर्कला हा पाहुणा कोणाचा ते लगेच कळते. मग ते आपल्या मूळ कंपनीकडे चौकशी करते, की हा गृहस्थ तुमचाच ना, आणि याच्या खर्चाला तुम्ही जामीन आहात ना? तिकडून होकार आला, की पडद्यावर परक्या कंपनीचे नाव उमटते आणि पाठोपाठ स्वागताचा एसएमएस येतो. जीएसएम या मोबाइल तंत्रावर चालणाऱ्या नेटवर्कांमधला असा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९९२ साली टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन या दोन कंपन्यांत झाला होता. आज अशा करारांचे जाळे इतके दाट विणले गेले आहे, की सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहून घरच्यांना ‘पोहोचलो’ असे कळवताना त्यामागे एवढी विचारपूस झाली असेल, याची शंकाही मनाला शिवत नाही.

याहून गमतीचा भाग पुढे आहे. रोमिंगवर असताना आपण उघडलेले पान त्या परक्या देशातून थेट इंटरनेटवर जात नाही. परके नेटवर्क आपला डेटा उचलते आणि बहुधा तसाच्या तसा आपल्या मूळ कंपनीकडे, म्हणजे मायदेशी पाठवते. तिथल्या दारातून तो इंटरनेटवर पडतो आणि उत्तर त्याच वाटेने उलटे येते. समोरच्या चौकातल्या संग्रहालयाची वेळ पाहायची असली, तरी प्रश्न आधी घरी जाऊन मग चौकात येतो. याला द्राविडी प्राणायाम म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे? काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे घर १०,००० किलोमीटर दूर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात सेकंदाचा दहावा भाग खर्च होतो, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. वाचताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र येते. दोघेही एकदमच बोलायला लागतात, दोघेही एकदमच थांबतात आणि ‘तू बोल, तू बोल’ यातच निम्मे संभाषण संपते.

या लांबच्या वाटेचे फायदेही आहेत. इंटरनेटच्या लेखी आपण घरीच बसलेलो असतो, त्यामुळे जाहिराती ओळखीच्या दिसतात आणि बँकेचे ॲप बिथरत नाही. चीनच्या मुख्य भूमीवर स्थानिक जोडणीतून गुगल उघडत नाही, पण रोमिंगवर आलेल्या प्रवाशाला ते एरवीसारखे वापरता येते, याचेही कारण हेच. त्याचा डेटा सीमेच्या आत इंटरनेटवर पडतच नाही.

आता ई-सिमवाल्यांनी इथे जरा कान द्यावा. ‘रोमिंगच्या कटकटीतून सुटका’ म्हणून विकली जाणारी प्रवासी ई-सिमे पुष्कळदा स्वतःच रोमिंगवर असतात. ज्या देशात आपण उतरलो, त्या देशातल्या कंपनीचे ते सिम नसतेच. कोठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या कंपनीचे असते आणि ते घेऊन आपण दुसऱ्या देशात पाहुणे म्हणून फिरत असतो. मुक्काम एका ठिकाणी, घर दुसऱ्या ठिकाणी आणि आपण आहोत कुठे असे संकेतस्थळांना विचारावे, तर ती तिसऱ्याच शहराचे नाव सांगतात. पुरावा हवा असेल, तर या ई-सिमबरोबर आलेल्या सूचना वाचाव्यात. त्यांत बहुतेक वेळा ठळक अक्षरांत लिहिलेले असते, की या लाइनसाठी ‘डेटा रोमिंग’ सुरू करा. जे बटण बंद ठेवा म्हणून घरच्यांनी निघताना बजावलेले असते, तेच सुरू केल्याशिवाय फोनवर एक अक्षर उतरत नाही, आणि भली भली माणसे नेमकी इथे अडून बसतात.

तेव्हा प्रश्न रोमिंग करावे की नाही हा नसून, आपल्या वतीने रोमिंगचा सौदा कोणी करावा, हा आहे. ई-सिम विकणारा हा घाऊक भावाने डेटा घेणारा व्यापारी असतो; त्याला अनेक प्रतिस्पर्धी असतात आणि गिऱ्हाईक निघण्यापूर्वी घरी बसून चार दुकाने पाहते, म्हणून तो भाव उतरवतो. आपल्या मूळ कंपनीला ठाऊक असते, की विमानतळावर उभा असलेला माणूस तिच्याशिवाय दुसरीकडे जाणार नाही. रोमिंगच्या चढ्या दरात तंत्राचा खर्च किती आणि गिऱ्हाइकाच्या अगतिकतेचा वाटा किती, याची कल्पना युरोपीय संघाकडे पाहून येते. १५ जून २०१७ पासून तिथे सदस्य देशांत फिरताना घरच्याच दराने फोन वापरू द्यावा, असा नियम झाला आणि पुढे तो २०३२ पर्यंत वाढवला गेला. टॉवर तेच होते, केबलही त्याच होत्या.

मग ई-सिमने नवे असे दिले काय? माझ्या मते एकच गोष्ट दिली, पण ती मोठी आहे. तिने नंबर आणि डेटा यांचा काडीमोड घडवणे सोपे केले. १९९१ साली आलेले पहिले सिम क्रेडिट कार्डाएवढे होते. मग ते छाटत छाटत २०१२ पर्यंत बोटाच्या नखाएवढे झाले, तरी खाच बहुधा एकच आणि तिच्यात एकच सिम. बाहेरच्या देशातले सिम घालायचे, तर घरचे काढून पाकिटात जपून ठेवायचे, आणि तेवढे दिवस आपला नंबर जगाच्या दृष्टीने मेलेला. ई-सिममध्ये चिप फोनच्या आतच जडवलेली असते आणि तिच्यावर कंपनीची माहिती इंटरनेटवरून उतरवली जाते. त्याचे जागतिक मानक २०१६ मध्ये ठरले, पुढच्या वर्षी गुगलच्या पिक्सेल २ मध्ये आणि त्याच्या पुढच्या वर्षी आयफोनमध्ये ही सोय आली. आता घरचे सिम आपल्या जागी जिवंत राहते आणि डेटाचे काम दुसरी लाइन उचलते. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याला आपल्याकडे नावे ठेवतात, पण या बाबतीत तोच शहाणा ठरतो.

कारण परदेशात घोडे अडते ते डेटावाचून कमी आणि नंबरावाचून जास्त. हॉटेलचे पैसे भरायला कार्ड पुढे करावे आणि ओटीपी त्या नंबरवर जावा, जो आपण काढून ठेवला आहे, यासारखी चमत्कारिक अवस्था दुसरी नाही. रोमिंगवर एसएमएस येण्याला बऱ्याच कंपन्या पैसे लावत नाहीत, तेव्हा घरची लाइन सुरू ठेवून तिचा डेटा तेवढा बंद करावा, हे उत्तम. मात्र फोन घेताना सावध राहावे. रोमिंगमध्ये आलेल्या कॉलचा भार सहसा घेणाऱ्यावरही पडतो. आणि न घेतलेला कॉल व्हॉइसमेलकडे, म्हणजे बोलणाऱ्याचा निरोप नोंदवून ठेवणाऱ्या सेवेकडे, वळवलेला असेल, तर तो आधी परदेशात येऊन, तिथे कोणी उचलत नाही हे पाहून, पुन्हा मायदेशी परत जातो. या निष्फळ वारीचे दोन्ही बाजूंचे भाडे काही कंपन्या आपल्याकडूनच वसूल करतात. निघण्यापूर्वी ते वळण काढून टाकणे हे मिनिटाभराचे काम आहे.

सेटिंग्जमध्ये आणखी एक बटण असते, ज्याच्याकडे कोणी पाहत नाही. एका लाइनचा सिग्नल क्षीण झाला, तर डेटासाठी आपोआप दुसऱ्या लाइनकडे जाण्याची मुभा ते फोनला देते. हेतू चांगला, पण भुयारी रेल्वेत प्रवासी लाइनने मान टाकली आणि घरच्या लाइनवर रोमिंग उघडे राहिले असेल, तर फोन इमानदारीने घरच्या महागड्या डेटाकडे वळतो आणि फोटोंचा बॅकअप घेत बसतो. रोजच्या हिशेबाने लागणाऱ्या रोमिंग पॅकमध्ये तर काही किलोबाइट सरकले, की अख्ख्या दिवसाचे पैसे लागतात. आणि तो दिवस २४ तासांचा, की घरच्या घड्याळाने मध्यरात्री संपणारा, हे कंपनीगणिक बदलते. सीमेलगतच्या गावात फोन पलीकडच्या देशाचा टॉवर पकडतो, तेव्हाही हाच प्रकार होतो. समुद्रातल्या जहाजावरचे आणि विमानातले नेटवर्क हा तर वेगळाच मामला आहे. ते उपग्रहावरून चालते, जमिनीवरचे पॅक सहसा तिथे लागू होत नाहीत, आणि एअरप्लेन मोड हाच त्यावर उतारा.

ई-सिमचे स्वतःचे नखरे काही कमी नाहीत. ते उतरवून घ्यायला इंटरनेट लागते आणि इंटरनेट मिळवायलाच तर ते घ्यायचे असते. विमानतळावर फुकटचे वाय-फाय असते खरे, पण ते कधीकधी मोबाइल नंबर मागते आणि त्यावर ओटीपी पाठवते. शिवाय ई-सिम उतरवण्यासाठी स्कॅन करण्याचा क्यूआर कोड ज्या फोनच्या पडद्यावर आलेला असतो, पुष्कळदा त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो टिपायचा असतो, आणि स्वतःचाच पडदा पाहण्याची कला अजून कुठल्या कॅमेऱ्याला साधलेली नाही. वस्तुतः त्या कोडात गूढ असे काही नसते. माहिती कोणत्या सर्व्हरवरून आणायची त्याचा पत्ता आणि तिथे दाखवायचा एक संकेत, एवढेच. ते दोन्ही हातानेही भरता येते. पण लांबच्या प्रवासाने डोळे चुरचुरत असताना ती अक्षरमाला टंकित करण्यापेक्षा घरी बसून, दुसऱ्या पडद्यावर कोड उघडून, हे काम आदल्या दिवशीच उरकावे. मात्र मुदत फोनवर उतरवल्यापासून मोजली जाते, की तिकडचे नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यापासून, हे विकत घेतानाच वाचून घ्यावे. आणि काही अडले म्हणून रागाच्या भरात ते ई-सिम फोनमधून पुसून टाकू नये. बहुतेक कोड एकदाच चालतात.

अमर्याद डेटा देणाऱ्या योजनांबद्दल मी साशंक असतो. रोजचा ठरलेला वाटा संपला, की त्यांतल्या अनेक योजना वेग उतरवतात. तो ५१२ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ५१२ किलोबिटवर, आला असे धरले, तर ८ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदाला ६४ किलोबाइट सरकतात आणि ४ एमबीचा एक फोटो जायला मिनिटाहून जास्त वेळ लागतो. अशा वेगात निरोप जातात, नकाशाही रखडत का होईना उमटतो, पण लॅपटॉपला हॉटस्पॉट देऊन काम करू पाहणाऱ्याची चिडचिड होते, आणि काही योजनांत हॉटस्पॉटला मुळात परवानगीच नसते. त्यापेक्षा मोजका डेटा घ्यावा, शहराचा नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवावा आणि फोटोंचा बॅकअप हॉटेलच्या वाय-फायवर सोडावा, हे मला जास्त पटते.

माझी स्वतःची पसंती एव्हाना कळलीच असेल. आठवड्यापेक्षा मोठा प्रवास, किंवा एका फेरीत दोन-तीन देश, असे असले की मी डेटासाठी ई-सिम घेतो आणि घरचा नंबर एसएमएसपुरता जिवंत ठेवतो. दोन दिवसांच्या कामासाठी जायचे असेल, आणि तेही ज्यांचे फोन घ्यावेच लागतात अशा माणसांच्या दिमतीला, तर मुकाट्याने रोमिंग पॅक घेतो, कारण तिथे मी डेटाचे नव्हे, तर नेहमीच्या नंबरवर सापडण्याचे पैसे देत असतो. कोणाचा फोन कंपनीने लॉक केलेला, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम न चालवणारा, असेल, किंवा त्यात ई-सिमची सोयच नसेल, तर निवडीचा प्रश्न बराचसा आपोआप मिटतो. आणि घरातली ज्येष्ठ मंडळी प्रवासी कंपनीबरोबर निघाली असतील, तर त्यांना ई-सिमची थोरवी सांगत बसू नये. दोन लाइनींपैकी कोणत्या लाइनचे कोणते बटण चालू ठेवायचे, हे परक्या वेळेतल्या अपरात्री फोनवरून समजावून सांगताना जे तंटे होतात, त्यांपुढे रोमिंगचा दर स्वस्त वाटतो. त्यांना पॅक घालून द्यावा, तो सुरू झाल्याचा एसएमएस आपल्या डोळ्यांनी पाहावा, आणि व्हॉइसमेलचे वळण तेवढे निघण्यापूर्वी काढून टाकावे.